बारा नंबरची जर्सी

त्याला सगळे जादा म्हणत. आईबापांनी ठेवलेलं नाव होतं, पण ते पगाराच्या कागदावर आणि औषधाच्या चिठ्ठीवर तेवढं उरलं होतं. कारखान्याच्या हॉकी संघात तो जादा खेळाडू होता, म्हणजे अकरांच्या वरचा एक. त्या काळी सामना सुरू झाल्यावर बदली खेळाडू उतरवायची मुभाच नव्हती. कुणाचा पाय मोडला तर उरलेल्या दहांनी खेळायचं. जादा ठेवायचा तो एवढ्यासाठीच, की सामन्याच्या सकाळी कुणाला ताप भरलाच तर हाताशी माणूस असावा. आता अकरा धट्टीकट्टी पोरं, त्यांना कशाला ताप भरतोय! हंगामामागून हंगाम जादा बाकावर बसला, पाण्याची बादली वाहिली, फाटलेल्या जर्स्या घरी नेऊन शिवून आणल्या. त्याला स्वतःला जर्सी नव्हतीच. कारखान्याने अकराच शिवून घेतल्या होत्या.

आणि संघाचा कॅप्टन कोण, तर त्याचा सख्खा मोठा भाऊ. हे मुद्दाम आधीच सांगून ठेवतो, कारण जादाच्या आयुष्यात जे काही झालं ते या एका गोष्टीभोवती झालं.

पुढे संघ मोडला, मग कारखानाही बंद पडला. जादाने दुकानांच्या पाट्या रंगवायचा धंदा धरला. पाट्या रंगवल्या पण पाट्या टाकल्या नाहीत, असं तो स्वतःच म्हणायचा आणि स्वतःच हसायचा. लग्न जमता जमता राहून गेलं. हात मात्र चांगला होता, डावखुरा आणि स्थिर. पाट्या छापून यायला लागल्या तेव्हा तो धंदाही बसला, आणि हातावर हात धरून बसायची वेळ आलेली असताना एके दिवशी एका जुन्या खेळाडूची मुलगी बापाचा काळापांढरा फोटो घेऊन आली. तिला बापाची जर्सी हवी होती, रंगात. बाप नको, नुसती जर्सी. "चेहरा फोटोत आहे हो," ती म्हणाली, "रंग मात्र आता कुणाला आठवत नाहीत."

जादाला आठवत होते. कारखान्याची जर्सी गडद लाल, छातीवर पिवळा पट्टा. छापखान्याची हिरवी, गळपट्टी पांढरी. बंदरवाल्यांची निळी, जी धुतल्यावर जांभळट व्हायची आणि ते लोक त्यावरून वैतागायचे. बाकावर बसणाऱ्याला बघण्याखेरीज काम काय असतं? त्याने सगळं बघून ठेवलं होतं.

तेव्हापासून तो जर्स्याच काढत होता. फ्रेमवाल्याच्या दुकानामागे एक अरुंद खोली होती, तिथे खिडकीशी त्याचं टेबल. कागद भिजवून फळीवर ताणायचा, कडा चिकटपट्टीने बसवायच्या, वाळला की पेन्सिलीने अगदी पुसट जर्सी आखायची. मग पातळ रंग, त्यावर जरा दाट, शेवटी गडद. पांढरा रंग तो वापरत नसे. पांढरं हवं तिथे कागद कोरा सोडायचा. आणि सगळ्यात शेवटी मळ. ताणलेली गळपट्टी, घासलेला कोपर, मातीची कड. मळ लावेपर्यंत ती दुकानातली जर्सी असते, मळ लागला की कुणाची तरी होते, असं त्याचं म्हणणं होतं. जलरंगात पुसापुशी चालत नाही. लागला तो लागला.

फ्रेमवाला माणूस चांगला, जीभ मात्र कडू. चौकटीला खिळे ठोकता ठोकता तो म्हणायचा, "माणसं काढ की जरा. नुसते कपडे काय टांगून ठेवतोस, धोब्याच्या दोरीसारखे."

"माणसं मला जमत नाहीत," जादा म्हणायचा.

दादाचं विसरणं सुरू झालं ते चष्म्यापासून आणि किल्ल्यांपासून, जसं सगळ्यांचं होतं. घरात त्यावर थट्टाही झाली. मग तो वाण्याच्या दुकानाचा रस्ता विसरला, मग थट्टा बंद झाली. मग तो वहिनीला "बाई" म्हणायला लागला, जसं कामाला येणाऱ्या बाईला म्हणावं. वहिनी कणखर बाई. "बरं झालं," ती म्हणाली, "निदान बाई म्हटल्यावर पाणी मागताना जरा अदबीने मागतात." पण हे बोलताना ती भांडं घासत होती आणि ते भांडं केव्हाच स्वच्छ झालं होतं.

जादा रोज दुपारी जायचा. एक दुपार अशी आली की दादाने पलंगावरून मान वळवली, त्याच्याकडे पाहिलं आणि म्हणाला, "या, बसा. कुणाकडे आलात?"

उभ्या जन्मात दादा त्याला "बसा" म्हणाला नव्हता. "ए जादा, बस" म्हणायचा, "मर तिकडे" म्हणायचा, एकदा कानाखालीही वाजवली होती. त्या "बसा"ने जादाच्या पोटात जे तुटलं ते कानाखाली वाजवल्यावर तुटलं नव्हतं. तो म्हणाला, "दादा, मी आहे, तुझा धाकटा." दादाचा चेहरा घाबरला. अनोळखी म्हातारा घरात शिरून भाऊ म्हणवतोय म्हटल्यावर कुणीही घाबरेल. वहिनीने मध्ये पडून सांगितलं, "हे मिस्त्री आहेत. भिंतीचं काम बघायला आलेत." दादा शांत झाला. तेव्हापासून जादा त्या घरात मिस्त्री झाला आणि सख्ख्या भावाला "तुम्ही" म्हणायला शिकला.

त्यानंतर लवकरच एक गंमत झाली, जर तिला गंमत म्हणायचं असेल तर. गिऱ्हाइकाकडे पोचवायचं एक चित्र काखेत घेऊन जादा दादाकडे गेला आणि ते भिंतीला टेकवून ठेवलं. कारखान्याचीच जर्सी होती, डाव्या बाहीचं टोक चावून चावून विरलेलं. दादा बराच वेळ बघत राहिला आणि म्हणाला, "टांग्या."

"काय?" वहिनी स्वयंपाकघरातून आली.

"टांग्याची आहे ही. बाही दातात धरून पळायचा. किती वेळा सांगितलं, दात पडतील." आणि दादा हसला. बायकोला न ओळखणारा माणूस एका चावलेल्या बाहीवरून माणूस ओळखत होता.

ते चित्र गिऱ्हाइकाकडे गेलंच नाही. त्याच्यासाठी जादाने दुसरं काढलं. मग वहिनीने सगळा संघच मागितला. "काढा भाऊजी," ती म्हणाली, "दिवसभर छताकडे बघत पडतात, त्यापेक्षा ते बरं." जादा काढत गेला आणि पलंगासमोरच्या भिंतीवर टांगत गेला. हा चष्म्या, गळ्याचं बटण कायम तुटलेलं. हा पाद्री, जर्सी कमरेत खोचलेली म्हणून खालचा घेर न विटलेला. हा गोलकीपर ढोल्या, त्याची तेवढी पिवळी. दादा प्रत्येकाला ओळखायचा. सकाळी उठून भिंतीला सूचना द्यायचा, चष्म्याला शिव्या घालायचा, ढोल्याला पुढे येऊ नको म्हणायचा. मधूनच म्हणायचा, "मिस्त्री, ती जरा तिरकी झालीय, सरळ करा." मिस्त्री उठून सरळ करायचा.

भिंत भरत आली तसा जादाचा जीव टांगणीला लागला. एकेकाला दादा हाक मारतोय, मेलेल्यांनाही हाक मारतोय, आणि रोज येऊन शेजारी स्टुलावर बसणाऱ्याला मात्र नाही. जर्सी दाखवली की माणूस आठवतो, एवढाच मार्ग उरला होता, आणि जादाला जर्सीच नव्हती. दादाने एकदा, फक्त एकदा, त्याला ओळखावं. बाकी काही त्याला नको होतं.

त्याच्या मनात एक जुना काटाही होता, तोही सांगायला हवा. इतक्या हंगामांत एकदा ताप भरलाच. अंतिम सामन्याच्या सकाळी उजव्या बाजूने खेळणारा पोरगा अंथरुणातून उठेना. जादाने बूट बांधले. नाड्या दोनदा सोडून पुन्हा बांधल्या. आणि दादाने त्या पोराची जर्सी उचलली ती कारखान्याच्या फाटकावरच्या पहारेकऱ्याच्या अंगावर फेकली. पहारेकरी कधीतरी कुठेतरी खेळलेला, सरावाला एकदाही न आलेला माणूस. जादाने बूट सोडले आणि बादली उचलली. सामना जिंकला, हेच वाईट झालं. हरले असते तर निदान कुणीतरी म्हटलं असतं की भावाला घ्यायला हवं होतं.

त्यावर दोघे भाऊ कधी बोलले नाहीत. पुढे दादाचं लग्न झालं. तेव्हा नवी असलेल्या वहिनीने एकदा आपणहून सांगितलं, "त्यांना फार वाईट वाटलं हो भाऊजी. भावाला घेतलं तर लोक बोट दाखवतील म्हणून नाही घेतलं." जादाने ते वाक्य जपलं. त्यावर जगला म्हणा ना. आपला भाऊ तत्त्वाचा माणूस, म्हणून आपण राहिलो, असं म्हटलं की राहिलेलं आयुष्यही जरा ताठ बसतं.

शेवटी त्याने बारा नंबरची जर्सी काढायला घेतली.

फ्रेमवाला डोकावला. "ही कुणाची?"

"माझी."

"तुला होती?"

"नव्हती."

"मग खोटं आहे की हे."

"चित्र आहे," जादा म्हणाला आणि ब्रश पाण्यात बुडवला.

इतकं मन लावून त्याने काही केलं नव्हतं. लाल रंग थरावर थर चढवला, पिवळ्या पट्ट्यावर सुरकुत्या आणल्या. मग मळ. काखेखाली घामाची खारी रेघ. कोपराला रफू. बाहीच्या कडेला ओल्या मातीचा पट्टा, आत मुरलेला, कितीही धुतला तरी न जाणारा. काढता काढता त्याला खरंच वाटायला लागलं की हे सगळं झालं होतं, चेंडू आला होता, आपण वाकलो होतो, माती लागली होती. फ्रेमवाल्याने चौकट बसवली, काच पुसली आणि म्हणाला, "चांगली झालीय." तो चांगलं म्हणाला म्हणजे फारच चांगली झाली होती.

दुपारी जादाने ती दादासमोर खुर्चीवर उभी केली. वहिनी दाराशी येऊन उभी राहिली. तिने नंबर पाहिला आणि जादाकडे पाहिलं.

दादा पुढे वाकला. "हा कोण?"

"तुम्ही सांगा," जादा म्हणाला.

दादा बघत राहिला. भुवया आवळल्या. मग त्याने मान हलवली. "बारा नव्हता आमच्याकडे."

"नीट बघा."

"नीटच बघतोय. ही कुणी घातलेलीच नाही." दादाने बोट रोखलं. "डावी बाही मळलीय. डावा हात काठीच्या टोकाला असतो. खाली उजवा, जमिनीजवळ. उजवी मळते. ज्याने ही मळवलीय तो कधी मैदानात उतरला नाही. न्या परत, मिस्त्री."

जादाने भिंतीकडे पाहिलं. सगळ्या उजव्या बाह्या मळलेल्या. टांग्याची, चष्म्याची, पाद्रीची. त्याने स्वतःच मळवल्या होत्या, आठवून आठवून, एकही न चुकता. हॉकीच्या काठ्या एकाच बाजूच्या असतात, डावखुऱ्यालाही तशीच धरावी लागते, हे शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. पण स्वतःची बाही रंगवताना त्याला आठवायला काही नव्हतंच. जेवताना, लिहिताना, पाट्या रंगवताना त्याची जी बाही मळत आली तीच हाताने मळवली. जो बाहेर बसून बघत राहिला त्याच्या हातूनच ही चूक व्हायची. त्याने चित्र कापडात गुंडाळलं. कापडाची गाठ त्याला बसेना, ती वहिनीने मारून दिली.

नंतर काही दिवस तो गेलाच नाही. मग वहिनीच दुकानात आली, पिशवीत काहीतरी घेऊन. दादाची जर्सी होती. पाच नंबर. खरीखुरी, पत्र्याच्या पेटीच्या तळाशी वर्तमानपत्रात गुंडाळून ठेवलेली. सगळ्यांची झाली, दादाचीच राहिली होती. जादा ती टाळत होता आणि वहिनीच्या ते लक्षात आलेलं होतं.

"ही काढा," ती म्हणाली. "आणि या तुम्ही. मिस्त्री का येत नाहीत म्हणून विचारतात."

"मिस्त्रीला विचारतात," जादा म्हणाला.

"कुणाला तरी विचारतात ना," वहिनी म्हणाली. "मला तेही विचारत नाहीत."

त्याने ती खिडकीशी टांगली आणि काढली. समोर वस्तू होती, त्यामुळे आठवायचं काही नव्हतं, नुसतं बघायचं होतं. उजवा खांदा एकदा काठी अडकून उभा फाटला होता, तिथे रफू होतं. बारीक, एकाला एक लागून घातलेले टाके, सगळे एका बाजूला कललेले. सगळ्यात बारीक ब्रशाने त्याने ते एकेक काढले. आपल्याच हातचे टाके आहेत हे त्याला माहीत होतं. त्यावर त्याने फार विचार केला नाही. आशा धरून एकदा तोंडावर आपटला होता, पुन्हा धरायची त्याची तयारी नव्हती.

चित्र नेलं तेव्हा दादा बराच खंगलेला होता. उशांना टेकवून बसवलेला. जादाने चित्र त्याच्या मांडीवर धरलं. स्वतःची जर्सी पाहून दादा काहीतरी बोलेल असं त्याला वाटलं होतं, पण दादाने नंबराकडे पाहिलंही नाही. त्याचं बोट काचेवरून सरकत सरकत खांद्यावर आलं आणि टाक्यांवर थांबलं.

"हे धाकट्याचं काम," दादा म्हणाला.

जादाने चित्र जरा वर उचलून धरलं.

"उलटे पडतात त्याचे टाके. डावखुरा आहे. आई म्हणायची, मुलीला लाजवील असा हात आहे." दादाने मान वर केली आणि सरळ जादाच्या डोळ्यांत पाहिलं. "तुम्ही ओळखता त्याला?"

आता सांगावं, असं त्याला वाटलं. मग त्याला तो घाबरलेला चेहरा आठवला. "ओळखतो," तो म्हणाला.

"येत नाही तो माझ्याकडे. सगळे आले," दादाने भिंतीकडे हात केला, "तो नाही आला. रागावलाय. मी त्याला घेतलं नव्हतं."

"लोक बोट दाखवतील म्हणून नाही घेतलं तुम्ही." हे वाक्य जादाने इतकी वर्षं मनात घोळवलं होतं की ते आपोआप बाहेर आलं.

"कोण लोक?" दादा म्हणाला. "मी कुणाला भीत होतो काय? पाय हळू होते त्याचे. चेंडू जाऊन पोचला तरी हा निघालेलाच असायचा. संघात कसा घेणार? बाकीच्या दहांनी काय घोडं मारलं होतं?" तो दमला, थांबला, पुन्हा बोलला. "मीच ठेवला त्याला जादा म्हणून. नाहीतर तेवढाही घेतला नसता कुणी. सांगाल त्याला?"

"काय सांगू?"

"की पाय हळू होते. दुसरं काही नाही. उगीच मनात ठेवू नकोस म्हणावं."

"सांगतो," जादा म्हणाला.

दादाने डोळे मिटले. बोट तसंच काचेवर, त्या टाक्यांवर राहिलं. जादाने ते अलगद उचलून चादरीवर ठेवलं, चित्र भिंतीवर राखून ठेवलेल्या खिळ्याला टांगलं, आणि कुणी न सांगता सरळ केलं.

वहिनी दाराशी होती. तिने ऐकलं होतं की नाही ते तिच्या चेहऱ्यावरून कळेना. "ओळखलं का?" तिने विचारलं.

"ओळखलं," जादा म्हणाला. "येत का नाही म्हणून विचारत होते."

"आणि?"

"पाय हळू होते म्हणाले. लोकांचं काही नव्हतं म्हणाले."

वहिनीने पदर बोटाभोवती गुंडाळला, सोडला. "मला माहीत होतं भाऊजी," ती म्हणाली. "लग्नानंतर लगेच सांगितलं होतं त्यांनी मला. तुम्ही बादली घेऊन असे हसत उभे राहायचात फोटोत. मला बघवेना. म्हणून मीच काहीतरी सांगितलं तुम्हाला."

जादाला राग यायला हवा होता. आला नाही. फार थकल्यासारखं वाटलं, इतकंच. भावाच्या तत्त्वाचं एवढं मोठं ओझं इतकी वर्षं वाहिलं आणि ते आपलं नव्हतंच, हे कळल्यावर माणूस मोकळा होतो म्हणतात. मला तसं वाटत नाही. हात मोकळे होतात आणि त्यांचं काय करायचं ते कळत नाही.

"चांगलं केलंत," तो वहिनीला म्हणाला. "उद्या येतो."

तो जिन्याकडे वळला. वहिनी दार लावणार होती, पण तो खाली पोचेपर्यंत दार लावायचं नाही ही तिची जुनी सवय. ती चौकटीला हात लावून उभी राहिली, खालच्या पायऱ्यांवरचे पाय ऐकत. तिला नेहमीच बराच वेळ उभं राहावं लागायचं.